रक्ताच्या कर्करोगात सायटोकाइनची जनुकं चालू कशी होतात?

सूक्ष्मदर्शी

मागे आरोग्याच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णाला संध्याकाळी ताप चढतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, पण तपासण्यांत जंतू कुठेच सापडत नाही. मग हा ताप कशाचा? दोन ओळींत भागेना म्हणून वेगळा धागा काढतेय. स्मिअर आणि बायॉप्सीच्या काचा बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या विषयावर लिहायचं कधीपासून मनात होतं.

तो ताप सायटोकाइनचा. सायटोकाइन म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली छोटी प्रथिनं. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्यामार्फत एकमेकींना वाढायला, जागा बदलायला, मरायला सांगतात. त्यातली आयएल-१, आयएल-६, टीएनएफ अशी काही रक्तात वाढली की मेंदूतलं तापमानाचं केंद्र शरीराचं तापमान वर नेतं. आयएल-६मुळे यकृत फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन जास्त बनवतं, म्हणून ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग, तोही वाढतो. निरोगी माणसात हे गरजेपुरतं होतं आणि थांबतं. काही कर्करोगी पेशींत ते थांबत नाही.

आधी निरोगी टी पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीत, काय होतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आयएल-२ या सायटोकाइनचं जनुक आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे, पण डीएनएचा तो भाग घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. टी पेशीला तिच्या ओळखीचा परका तुकडा दिसला की पेशीच्या पडद्यापाशी पीएलसी-गॅमा-१ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि एका रेणूचे दोन तुकडे करतं. एका तुकड्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरतं. कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम कामाला लागतं, ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, आणि एनफॅट केंद्रकात जातं. दुसऱ्या तुकड्यामुळे पीकेसी हे एन्झाइम चालू होतं आणि त्याच्यामागून एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बी ही दोन प्रथिनं. जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडे सुमारे ३०० अक्षरांच्या पट्ट्यात या तिघांच्या बसायच्या जागा शेजारी शेजारी आहेत. तिघं एकत्र बसली, तर गुंडाळलेला डीएनए मोकळा होतो आणि आयएल-२ बनू लागतं. नुसतं कॅल्शियम वाढलं आणि दुसरी बाजू गप्प राहिली, तर पेशी आयएल-२ बनवणं दूरच, उलट बधिर होऊन बसते.

बंद करायची सोयही तितकीच पक्की आहे. या जनुकांच्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या प्रतीच्या) शेपटाला ए आणि यू या अक्षरांची दाट पट्टी असते. ती दिसली की पेशी तो एमआरएनए लगेच तोडून टाकते. ग्रे शॉ आणि रॉबर्ट केमेन यांनी १९८६ मध्ये जीएम-सीएसएफ या आणखी एका सायटोकाइनच्या जनुकावर हे दाखवलं होतं.

हे सगळं आपल्याला बऱ्याच अंशी कळलं ते एका कर्करोगी पेशीमुळेच. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टी पेशींचा ल्युकेमिया झालेल्या १४ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तातून जुरकाट नावाच्या पेशी वाढवल्या गेल्या. १९८३ मध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने आयएल-२चं जनुक पहिल्यांदा वेगळं केलं ते याच पेशींतून. १९८८ मध्ये जेराल्ड क्रॅबट्री यांच्या गटाला एनफॅट सापडलं तेही याच पेशींत. आणि यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. जुरकाट पेशी अमर आहे, पीटेन नावाचा तिचा एक ब्रेक नाहीसा झालाय, ती वाढतच राहते. पण तिच्यातलं आयएल-२चं जनुक बाहेरून चेतवल्याशिवाय बंदच असतं. म्हणजे पेशी कर्करोगी झाली की सगळी जनुकं मोकाट सुटतात, असं नाही. ज्या कर्करोगात सायटोकाइनचं जनुक चालू राहतं, तिथे वर लिहिलेल्या साखळीत एक नेमकी जागा बिघडलेली असते. ती जागा कळली की रुग्णाला अशीच लक्षणं का आणि हेच औषध का लागू पडतं, हे बरंच समजतं.

सगळ्यात लख्ख उदाहरण दुर्मीळ आहे, पण मला सांगायला आवडतं. बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या वंशातल्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमियाच्या एका प्रकारात ५व्या आणि १४व्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होतात. ५व्यावर आयएल-३चं जनुक आहे, एरवी टी पेशीत चेतवल्यावरच चालू होणारं. १४व्यावर प्रतिपिंडाचं जनुक आहे आणि त्याला चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा बी पेशीत कायम जागा असतो. आयएल-३ त्याच्या शेजारी जाऊन पडलं की तेही कायम चालू. आयएल-३मुळे अस्थिमज्जा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बनवत सुटते. या इओसिनोफिल स्वतः कर्करोगी नसतात, त्या हुकमाच्या ताबेदार. रक्तात कर्करोगी पेशी थोड्याच आणि इओसिनोफिल ढीगभर, असं चित्र दिसतं. आपल्याकडे इओसिनोफिल वाढल्या की जंत, दमा, हत्तीरोगाचे जंतू यांचा विचार आधी होतो आणि तो बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा तेच निघतं. पण कारण सापडत नसेल आणि आकडा उतरत नसेल, तर अस्थिमज्जा बघावी लागते ती यासाठी.

हॉजकिन लिम्फोमा, जपानमधला एटीएल हा टी पेशींचा ल्युकेमिया वगैरेंवर प्रतिसादांत लिहीन. प्रश्न विचारा.

---

रानजाई

सुंदर लिहिलंय ताई. कॅल्सिन्युरिन वाचून लगेच ओळख पटली. माझ्या भावाचं मूत्रपिंड बदललंय, तो टॅक्रोलिमस घेतो आणि डॉक्टर त्याला कॅल्सिन्युरिन रोखणारं औषध म्हणतात. तेच का हे?

---

सूक्ष्मदर्शी

@रानजाई, अगदी तेच. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीतून आलं आणि टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून. दोन्ही औषधं शरीराने अवयव नाकारू नये म्हणून वापरात आली, पण ती पेशीत नेमकं काय अडवतात हे १९९१ मध्ये स्टुअर्ट श्रायबर आणि क्रॅबट्री यांच्या कामातून कळलं. ती कॅल्सिन्युरिनला धरून ठेवतात. मग एनफॅटवरचे फॉस्फेट निघत नाहीत, ते केंद्रकाबाहेरच राहतं आणि आयएल-२चं जनुक उघडत नाही. भावाला औषधाची वेळ चुकवू देऊ नका.

---

प्रयोगवही

जुरकाटबद्दल वाचून राहवलं नाही, कारण माझ्या पीएचडीचा मोठा भाग त्यांच्याच संगतीत गेला. आमच्याकडच्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून आल्या होत्या.

या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटत नाहीत, गुलाबी द्रवात तरंगतात. द्रव पिवळट झाला की समजायचं गर्दी झाली, आता विरळ करा. प्रयोगाच्या दिवशी त्या ९६ खळग्यांच्या ताटलीत वाटून घ्यायच्या. एका ओळीत नुसत्या पेशी. पुढच्या ओळीत पीकेसी चालू करणारं पीएमए, त्याच्या पुढच्या ओळीत कॅल्शियम आत सोडणारं आयनोमायसिन, मग दोन्ही एकत्र, आणि शेवटच्या ओळीत दोन्ही अधिक सायक्लोस्पोरिन. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वरचा द्रव काढून एलायझा, म्हणजे आयएल-२ मोजायची रंगाची तपासणी, लावायची. आयएल-२ असेल तिथे निळा रंग चढतो आणि आम्ल घातलं की तो पिवळा होतो. नुसत्या पेशींच्या ओळीत काही नाही. एकेकटं रसायन घातलेल्या ओळींत जेमतेम. दोन्ही एकत्र घातलेली ओळ मात्र हळदीसारखी पिवळी, आणि सायक्लोस्पोरिनवाली पुन्हा पाण्यासारखी. सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलेलं सगळं गणित त्या एका ताटलीत डोळ्यांना दिसतं.

पीएमए हाताळताना दुहेरी हातमोजे घालायचे, हा आमच्या प्रयोगशाळेतला सक्तीचा नियम. ते मूळचं जमालगोट्याच्या तेलातलं आहे हे इथे किती जणांना माहीत आहे ठाऊक नाही. जुन्या पद्धतीत पेशी चेतवायला पीएचए वापरतात, ते राजम्यातलं प्रथिन.

---

वैद्य_कणकवलीकर

@प्रयोगवही, जमालगोटा म्हणजे आमचा जयपाळ. तीव्र रेचक, उपविषांत गणलेला, शोधनाशिवाय वापरू नये असं ग्रंथांतच स्पष्ट सांगितलंय. त्याच्या तेलाने टी पेशीतलं जनुक चालू होतं म्हणजे ते प्रतिकारशक्तीला उपयोगी आहे, असं म्हणता येईल का? मुद्दाम विचारतोय, कारण असले दावे करणारे संदेश फिरत असतात.

---

सूक्ष्मदर्शी

@वैद्य_कणकवलीकर, विचारलंत ते फार बरं केलंत. नाही, असं म्हणता येणार नाही. उलट त्या तेलाचा इतिहास कर्करोगाशी जोडलेला आहे. १९४१ मध्ये आयझॅक बेरेनब्लूम यांनी उंदरांच्या त्वचेवर दाखवलं, की आधी कर्करोगकारक रसायनाची अगदी थोडी मात्रा लावली आणि नंतर हे तेल लावत राहिलं, तर गाठी उठतात. एकट्या तेलाने सहसा उठत नाहीत. ते पेटवत नाही, पेटलेलं वाढवतं. पुढे त्यातला मुख्य घटक म्हणून पीएमए वेगळं झालं. आणि १९८२ मध्ये कोबेच्या यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने दाखवलं की ते थेट पीकेसीला चालू करतं. मूळ लेखात मी ज्याला दुसरा तुकडा म्हटलं, त्याची जागा हे तेल घेतं. फरक इतकाच की शरीरातला तुकडा लगेच मोडला जातो आणि पीएमए मोडत नाही, त्यामुळे पीकेसी चालूच राहतं.

आणि आता एटीएलकडे वळता येईल, कारण तिथे कर्करोग हेच काम स्वतः करून घेतो.

१९७७ मध्ये क्योतोमध्ये कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांमधल्या टी पेशींच्या एका वेगळ्याच ल्युकेमियाचं वर्णन केलं. रुग्ण क्योतोत उपचार घेत होते, पण त्यातले बरेचसे जन्माने दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचे. पेशींचं केंद्रक पाकळ्या फुटल्यासारखं, म्हणून त्यांना फुलपेशीच म्हणतात. हा रोग एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे होतो, हे पुढच्या काही वर्षांत जपान आणि अमेरिकेतल्या कामातून सिद्ध झालं. विषाणूचं टॅक्स नावाचं प्रथिन एनएफ-कप्पा-बीवरचा लगाम काढून टाकतं. मग आयएल-२चा ग्राहक (आयएल-२ला पकडून त्याचा निरोप घेणारं प्रथिन), आयएल-१३, जीएम-सीएसएफ अशी अनेक जनुकं बाहेरून काहीही न चेतवता चालू होतात.

पण शरीराची प्रतिकारशक्ती टॅक्सला ओळखते आणि ते बनवणाऱ्या पेशी मारते. त्यामुळे वर्षानुवर्षांनी कर्करोग उभा राहतो तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या पेशींत टॅक्स जवळपास दिसतच नाही. मग एनएफ-कप्पा-बी चालू कसं राहतं? २०१५ मध्ये सेइशी ओगावा यांच्या गटाने शेकडो रुग्णांचा डीएनए वाचून उत्तर दिलं. सर्वाधिक वेळा बिघडलेलं जनुक निघालं पीएलसी-गॅमा-१चं, सुमारे एक तृतीयांश रुग्णांत. त्याच्या मागोमाग पीकेसी-बीटा, आणि मग पीकेसीचा निरोप एनएफ-कप्पा-बीपर्यंत नेणारं कार्ड-११. मूळ लेखातली साखळी पुन्हा वाचा. विषाणूने जे आधी बाहेरून चालू केलं, तेच पेशीने नंतर स्वतःच्या जनुकांत बिघाड साठवून चालू ठेवलं, आणि तेही एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृतीकडेच बघत बसले होते.

---

फुकुओकाकर

मी नोकरीनिमित्त क्यूशूतच राहते म्हणून लिहितेय. बाळाच्या वेळी पहिल्याच तपासण्यांत एचटीएलव्ही-१चं नाव होतं. मला वाटलं एचआयव्हीचं काहीतरी असेल. नर्सने चित्र काढून समजावलं, की हा विषाणू मुख्यतः आईच्या दुधातून बाळाकडे जातो आणि इथे गरोदरपणात सगळ्यांचीच तपासणी होते. आपल्याकडे कुणाला हे नावही माहीत नसतं, म्हणून इथे वाचून छान वाटलं. ज्यांना हा विषाणू आहे त्या सगळ्यांनाच कर्करोग होतो का?

---

सूक्ष्मदर्शी

@फुकुओकाकर, नाही. लहानपणी लागण झालेल्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांनाच, तेही बहुधा पन्नाशी-साठीनंतर. बाकीच्यांना आयुष्यभर या रोगाचा त्रास होत नाही. नागासाकी प्रांताने १९८७ पासून विषाणू असलेल्या मातांना स्तनपान टाळण्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली. दीर्घकाळ स्तनपान झालेल्या बाळांत लागण सुमारे २० टक्के होती, बाहेरच्या दुधावर ती तीन टक्क्यांच्या आत आली. रोग इतक्या वर्षांनी होतो की त्या बाळांचा खरा फायदा त्यांच्या म्हातारपणी दिसणार. इतक्या लांबचा विचार करून आखलेला उपक्रम मला सार्वजनिक आरोग्याचा फार मोठा नमुना वाटतो.

---

घाटवाट

ताई, मूळ प्रश्न मीच विचारला होता. बाबांना मानेला गाठ आली, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. सुई घालून पाणी तपासलं, त्यात नक्की काही निघालं नाही. टीबी समजून काही महिने गोळ्या चालल्या. मध्ये अशक्तपणा फार वाटतो म्हणून स्टिरॉइडही दिलं, त्याने ताप गेला, गाठ बसली, आम्हाला वाटलं सुटलो. मग सगळं दुपटीने परत आलं. शेवटी दुसऱ्या शहरात पूर्ण गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिन निघाला. आता केमो पूर्ण झालीय, बरे आहेत. पण मधले महिने डोक्यातून जात नाहीत. स्टिरॉइडने गाठ का बसली?

---

सूक्ष्मदर्शी

@घाटवाट, बाबा बरे आहेत हे वाचून मनापासून आनंद झाला. हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, हे आधी सांगते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच विषयात आहे. हॉजकिनची गाठ काचेवर बघितली की कर्करोगी पेशी शोधाव्या लागतात. एकूण पेशींच्या जेमतेम टक्काभर. मोठी पेशी, दोन केंद्रकं, प्रत्येकात एक ठसठशीत लालसर ठिपका. तिच्या भोवती नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल, टी पेशी, प्लाझ्मा पेशी यांची नुसती दाटी. ही सगळी गर्दी निरोगी पेशींची आणि ती त्या टक्काभर पेशींनी जमवलेली. त्या आयएल-५ सोडतात, त्याने इओसिनोफिल येतात. टार्क नावाचं प्रथिन सोडतात, त्याने टी पेशी ओढल्या जातात. म्हणजे हाताला लागते ती गाठ बहुतांशी सायटोकाइनने बोलावलेल्या पेशींचीच असते.

ही कर्करोगी पेशी मूळची बी पेशी. तिच्यात एनएफ-कप्पा-बी कायम चालू असतं. हे प्रथिन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी पेशींतच सापडलं होतं. एरवी त्याला लगाम घालणारी प्रथिनं असतात. हॉजकिनमध्ये त्यातली ए-२० किंवा आय-कप्पा-बी बिघडलेली सापडतात. काही रुग्णांत ईबीव्ही विषाणूचं एलएमपी-१ हे प्रथिन तेच काम करतं, आणि भारतात, विशेषतः लहान मुलांच्या हॉजकिनमध्ये, हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे. याशिवाय, आपण कोण आहोत हेच ही पेशी विसरलेली असते. बी पेशीची ओळख सांगणारी कितीतरी जनुकं बंद, आणि जी तिने कधीच चालू करू नयेत ती चालू. बर्लिनच्या श्टेफान माथास यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की या पेशींत सीएसएफ-१ या सायटोकाइनचा ग्राहक चालू होतो, पण त्याच्या नेहमीच्या सुरुवातीपासून नाही. आपल्या डीएनएत कोट्यवधी वर्षांपूर्वी घुसलेल्या विषाणूंचे अवशेष पडून आहेत. पेशी त्यांना कायम दाबून ठेवते. हॉजकिनमध्ये तो दाब सुटतो आणि जनुकाच्या अलीकडे पडलेला एक अवशेषच त्याला चालू करतो.

आता स्टिरॉइड. त्याचा ग्राहक केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ या दोघांनाही दाबतो. सायटोकाइन कमी, म्हणून ताप जातो. बोलावलेली गर्दी पांगते, काही लिम्फोमा पेशीही मरतात, म्हणून गाठ बसते. आणि अशा वेळी बायॉप्सी केली तर आमच्या काचेवर ओळखण्यासारखं काही उरत नाही. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तर बायॉप्सीच्या आधी स्टिरॉइड देऊ नये, श्वास अडण्यासारखी तातडी सोडून. आणि हॉजकिनमध्ये पेशी इतक्या विरळ की सुईला त्या लागतीलच असं नाही, त्यामुळे शक्य तिथे पूर्ण गाठच काढून तपासावी.

टीबीचा संशय घेणं आपल्या देशात चूक म्हणता येत नाही. दोन्हीत लक्षणं सारखी, कारण ताप आणणारी सायटोकाइन तीच. पण टीबी सिद्ध झालेला नसताना औषध चालू केलं आणि गाठ हटत नसेल, तर पूर्ण गाठीची बायॉप्सी मागायचा हक्क रुग्णाला आहे आणि नातेवाइकांनी तो न संकोचता वापरावा.

---

घाटवाट

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. धन्यवाद ताई. बाबांना वाचून दाखवतो.

---

तर्कसंगत

लेख उत्तम, पण एक शंका. सायटोकाइन हा कर्करोगाचा परिणाम असेल, धूर असेल. आग दुसरीकडेच असेल. जनुक चालू दिसलं म्हणजे ते कर्करोगाला कारण आहे, हे कशावरून?

---

सूक्ष्मदर्शी

@तर्कसंगत, रास्त शंका, आणि प्रत्येक कर्करोगात तिचं उत्तर वेगळं आहे. हॉजकिनमध्ये १९९९ मध्ये टोरोंटोच्या टाक माक यांच्या गटाने पाहिलं, की पेशी आयएल-१३ सोडतात आणि त्यांच्याच अंगावर त्याचा ग्राहकही असतो. आयएल-१३ला धरून ठेवणारं प्रतिपिंड घातलं तर प्रयोगशाळेतल्या पेशींची वाढ मंदावली. म्हणजे तिथे ते नुसतं लक्षण नाही, खुराकही आहे.

याहून जुना पुरावा उंदरांत आहे. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतल्या वेही-३बी या ल्युकेमिया पेशी सतत आयएल-३ सोडत असत, इतकं की जगभरच्या प्रयोगशाळा आयएल-३ मिळवायला त्यांचाच द्रव वापरत. १९८५ मध्ये कारण कळलं: आयएल-३च्या जनुकाजवळ विषाणूसारखा एक डीएनएचा तुकडा येऊन बसला होता. असं आपोआप घडलेलं अपघाती जोडकाम पुढे वाढून ल्युकेमिया होतं, याचा अर्थ त्या पेशीला त्याचा फायदा झाला. वर लिहिलेला माणसातला ५ आणि १४ गुणसूत्रांचा प्रकारही तसाच. उलट ५व्या-१४व्या प्रकारात हृदयाला इजा करणाऱ्या इओसिनोफिल हा मात्र निव्वळ धूर आहे, तुमच्याच शब्दांत. रुग्णाला त्रास दोन्हींचा होतो.

---

प्रयोगवही

@तर्कसंगत, आणखी एक भर. उलट बाजूचा पुरावाही आहे. अंजना राव यांच्या गटाने २००६ मध्ये ओराय-१ शोधलं, कॅल्शियम आत घेणारं टी पेशीचं दार. ते बिघडलेल्या बाळांच्या टी पेशी चेतवूनही आयएल-२ बनवू शकत नाहीत आणि साध्या संसर्गाशी त्यांना झुंजता येत नाही. म्हणजे हा रस्ता खरंच कारण आहे, सोबतची खूण नाही. राव मूळच्या भारतातल्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या. एनफॅटचं प्रथिन वेगळं करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

---

मीरा_पराडकर_नाही

सगळे प्रतिसाद वाचले. मग सायटोकाइन अडवणारं औषध दिलं की काम झालं, असं का होत नाही? आईला मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, आहे. तिच्या फायलीत आयएल-६बद्दल वाचलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी

कारण आयएल-६ अडवणं दोन रोगांत करून बघितलं आणि दोन वेगळी उत्तरं आली. कॅसलमन नावाच्या गाठींच्या रोगात एका प्रकारात सिल्टुक्सिमॅब हे आयएल-६ला धरून ठेवणारं प्रतिपिंड चांगलं चालतं, २०१४ पासून मान्यताही आहे. मायलोमात तेच औषध दिलं, पण रुग्णांचं आयुर्मान वाढलं नाही. मायलोमात आयएल-६ बरंचसं कर्करोगी पेशी स्वतः बनवत नाही, अस्थिमज्जेतल्या शेजारच्या पेशींकडून बनवून घेते, आणि ते तोडलं तरी वाढायला तिच्याकडे दुसरे मार्ग असतात. म्हणून आईच्या उपचारांत आयएल-६विरोधी औषध मुख्य म्हणून दिसणार नाही. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डॅराट्युम्युमॅब यांपैकी काही दिसेल.

वाल्डेनस्ट्रॉम या बी पेशींच्या कर्करोगात मात्र नेमकी जागा हाती लागली. २०११ मध्ये एका आक्रमक लिम्फोमात मायडी-८८ या प्रथिनात २६५व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं सापडलं, डीएनएचं एक अक्षर बदललेलं. त्याने जंतू नसतानाच जंतू दिसल्याचा निरोप पेशीत जात राहतो आणि आयएल-६, आयएल-१० सुटतात. पुढच्या वर्षी तोच बदल वाल्डेनस्ट्रॉमच्या ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत निघाला. इथे सायटोकाइन अडवत बसले नाहीत. त्या निरोपाच्या वाटेवरच्या बीटीके एन्झाइमला अडवणारं इब्रुटिनिब दिलं जातं, गोळी म्हणून, आणि बहुतेकांना गुण येतो.

---

रानजाई

आणि टाटा हॉस्पिटलच्या कार-टीत ताप येतो, तोही सायटोकाइनचाच ना?

---

सूक्ष्मदर्शी

हो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कार-टीत रुग्णाच्याच टी पेशी काढून, बदलून बी पेशींच्या कर्करोगावर सोडतात. त्या निरोगी असतात, त्यांना लक्ष्य दिसतं आणि वर लिहिलेली अख्खी साखळी रीतसर चालू होते, फक्त एकाच वेळी कोट्यवधी पेशींत. त्यांच्या जीएम-सीएसएफसारख्या सायटोकाइनमुळे मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी चेततात आणि आयएल-६चा मोठा वाटा हे मॅक्रोफेज सोडतात. म्हणून तिथे आयएल-६चा ग्राहक अडवणारं टॉसिलिझुमॅब हाताशी ठेवतात. मायलोमात जे आयएल-६ अडवून उपयोग झाला नाही, ते इथे अडवलं की ताप आणि खाली गेलेला रक्तदाब बहुतेक वेळा काही तासांत सावरू लागतो, आणि टी पेशींचं काम सहसा बिघडत नाही.